फुंकर आणि तात

एका बाजूला आठ-दहा तंतुवाद्यं आणि हार्प्सिकॉर्ड, दुसऱ्या बाजूला दोन बासऱ्या. सामना म्हणावा, तर निकाल आधीच लागलेला. व्हायोलिनं जरा जोरात वाजली, तर बासरीचे खालचे सूर ऐकूही येणार नाहीत. आणि कॉन्चेर्टो हा प्रकार तर एकटा आणि समुदाय याच मांडणीवर उभा आहे. सगळा ताफा एक ठसठशीत भाग वाजवतो, मग एकल वादक आपलं काही मांडतो, पुन्हा ताफा, पुन्हा एकल वादक. ताफ्याच्या या परतून येणाऱ्या भागाला ‘रितोर्नेल्लो’ म्हणतात. ही रचना इटलीत पक्की झाली, आणि झाली ती व्हायोलिनसाठी. विवाल्दीच्या बारा कॉन्चेर्टोंचा संग्रह 1711 साली ॲमस्टरडॅममध्ये छापून निघाला आणि जर्मनीतल्या संगीतकारांनी तो अक्षरशः गिरवून काढला. त्यात नायकपद व्हायोलिनकडे आहे, मधूनमधून जोडीला चेलो. व्हायोलिनला ते पेलतं. ताफा कितीही मोठा असो, वरच्या तारेवर गज ठेवला की त्याचा आवाज सगळ्यांवरून निघून जातो.

लाकडी सुषिरवाद्यांना ही सोय नाही. तरीही त्यांना नायक करण्याचा मोह त्या काळातल्या कुणालाच आवरला नाही. व्हेनिसच्या आल्बिनोनीने 1715 मध्ये ओबोचे कॉन्चेर्टो छापले. विवाल्दीने बॅसूनसाठी चाळीसच्या आसपास लिहिले. बॅसूनसारख्या खर्जातल्या वाद्यावर इतका जीव का जडला असेल, याचं मला नेहमी नवल वाटतं. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक स्वतः बासरी वाजवायचा, तर त्याचा गुरू क्वांट्झ याने बासरीचे तीनशेच्या घरात लिहिले. यातलं बरंच संगीत आज कोणी वाजवत नाही, आणि सगळंच वाजवण्याजोगं आहे असंही नाही. पण एक रचना अशी आहे, की हळू आवाजाच्या वाद्यांना ताफ्यापुढे उभं कसं करायचं, हे तिच्यावरून शिकावं. गेओर्ग फिलिप टेलेमानचा ई मायनरमधला कॉन्चेर्टो: रेकॉर्डर, आडवी बासरी, तंतुवाद्यं आणि हार्प्सिकॉर्ड.

टेलेमानच्या रचना तीन हजारांहून जास्त भरतात, त्यामुळे त्यांना नावांऐवजी क्रमांकांनीच ओळखावं लागतं. त्याच्या कृतींच्या सूचीत 51 म्हणजे एका एकल वादकाचे कॉन्चेर्टो, 52 म्हणजे दोघांचे, 53 म्हणजे तिघांचे. आपली रचना 52 मधली, ई मायनरमधली पहिली. वाजायला तेरा-चौदा मिनिटं.

रेकॉर्डर म्हटल्यावर आपल्याला टेप आठवते, पण इथे ती चोचीची उभी बासरी अभिप्रेत आहे. शाळांमधून प्लॅस्टिकची वाजवतात तिची लाकडी, थोराड आणि बरीच सुरेल पूर्वज. तिच्या चोचीत लाकडाचा एक ठोकळा बसवलेला असतो. ठोकळ्यावरच्या अरुंद फटीतून फुंकर थेट पुढच्या धारेवर जाऊन आपटते आणि सूर उमटतो. पुढे सात छिद्रं, मागे अंगठ्याचं एक. ओठांना काम असं काही नाहीच, म्हणून नवशिक्याचाही पहिल्या फुंकरीत सूर लागतो. मात्र हीच सोय पुढे बेडी होते. जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो. म्हणजे आवाज लहानमोठा करायचा, तर बेसूर होण्याची तयारी ठेवायची. निष्णात वादक बोटं किंचित सरकवून, एखादं छिद्र अर्धवट झाकून हे सांभाळून घेतात, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यामुळे रेकॉर्डरवादकाची सगळी कारागिरी जिभेत असते. कुठला सूर तोडायचा, कुठला लांबवायचा, कुठल्या सुराला कठोर आरंभ द्यायचा आणि कुठल्याला मऊ, हे तो तोंडातल्या तोंडात निरनिराळी अक्षरं म्हणून ठरवतो. जोर वाढवता येत नसला, तरी दोन सुरांमधली फट लहानमोठी करता येते. कान फसतो आणि त्याला एक सूर दुसऱ्यापेक्षा जोरकस वाटतो.

आडव्या बासरीत ठोकळा नाही, फट नाही. फुंकरीला आकार द्यायचा तो ओठांनीच. वाद्य जरासं आत-बाहेर वळवून चढलेला सूर खाली आणता येतो, म्हणून तिच्यावर हळू आणि मोठं दोन्ही जमतं. आपल्याकडच्या बासरीवादकाला हे वेगळं सांगायला नको. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये या वाद्याचं रूप पालटलं. नळी निमुळती झाली, वाद्याचे जोडता येणारे भाग झाले आणि सहा छिद्रांच्या जोडीला करंगळीसाठी एक चावी आली. एकच. बाकीचे अधले-मधले सूर काढायला मधलं छिद्र उघडं ठेवून खालची झाकायची, अशी आडवळणाची बोटं घ्यावी लागत, आणि ते सूर जरा झाकोळलेले निघत. आज आपण ज्याला दोष म्हणू, तो त्या काळच्या वादकाच्या हातातला रंग होता. ऑतेतेर या पॅरिसच्या वादकाने 1707 मध्ये आडवी बासरी, रेकॉर्डर आणि ओबो या तिन्हींसाठी मिळून एकच शिक्षणपुस्तक काढलं. त्यात विचित्र काही नव्हतं. दरबारी ताफ्यांमध्ये ओबोवादकच वेळ पडली की बासरी उचलत, मग ती उभी असो की आडवी.

म्हणजे टेलेमानपुढे दोन वाद्यं होती. आवाजाने जवळची, स्वभावाने लांबची. रेकॉर्डर युरोपात शतकानुशतकं रुळलेली, आडवी बासरी नव्या फ्रेंच रूपात जर्मन दरबारांत नुकती स्थिरावत असलेली. ड्रेस्डेनच्या दरबारात ब्युफार्दें हा फ्रेंच बासरीवादक 1715 मध्ये आला, आणि पुढे क्वांट्झ त्याच्याकडेच शिकला. दोघींना एकाच कॉन्चेर्टोत बरोबरीने आणायचं तर पहिली अडचण पट्टीची. या उभ्या बासरीचा सगळ्यांत खालचा सूर एफ, आडवीचा डी. रेकॉर्डरला एफ मेजर, बी फ्लॅट मेजर अशा फ्लॅटच्या पट्ट्या हातात बसतात. आडवीला डी, जी, ए अशा शार्पच्या. ई मायनरमध्ये एकच शार्प आहे. आडवी तिथे खुलते आणि उभीची फारशी अडवणूक होत नाही. बरं, तो एकुलता एक शार्प म्हणजे एफ शार्प, आणि नेमका तोच वरच्या टोकाला रेकॉर्डरवर नीट निघत नाही. वादकाला वाद्याचं खालचं तोंड गुडघ्यावर टेकवून बंद करावं लागतं, तेव्हा कुठे तो हाती लागतो. अशी वाद्यांची नस न् नस माहीत असल्याशिवाय हा घाट घालताच येत नाही.

टेलेमानला ती माहीत होती, कारण त्याने ही वाद्यं स्वतः वाजवली होती. माग्डेबुर्गमध्ये 1681 साली त्याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि लवकर वारले. पोराने बाराव्या वर्षी एक ऑपेरा लिहिला, तेव्हा आईच्या पोटात गोळा आला. हा गवयी होणार, म्हणजे वाया जाणार! तिने वाद्यं काढून घेतली आणि संगीताला बंदी घातली. त्याने चोरून सराव चालू ठेवला. रेकॉर्डर, व्हायोलिन लहानपणीच झालं होतं. पुढे हिल्डेसहाइमला शिकत असताना ओबो, आडवी बासरी, व्हिओला द गांबा, अगदी डबल बास आणि खर्जाच्या ट्रॉम्बोनपर्यंत त्याने हात चालवला. लाइपझिगला गेला तो कायदा शिकायला, आणि तिथे वर्षभरात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभा करून बसला. 1718 मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्याने एक दोन ओळींचा पद्यमय सल्ला दिला आहे. त्याचा आशय असा, की प्रत्येक वाद्याला सोसेल तेच द्यावं, म्हणजे वाजवणाराही खूश आणि तुम्हीही. सल्ला साधा वाटतो, पण बाखसकट त्या काळच्या भल्याभल्यांनी तो पाळलेला नाही. बाखच्या चौथ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोत दोन रेकॉर्डर आहेत, आणि तो मघाचा नाठाळ एफ शार्प त्याने तिथे बेधडक लिहून ठेवला आहे. वादक अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात.

गंमत म्हणजे कॉन्चेर्टो हा प्रकार आपल्या मनापासून आलेला नाही, अशी कबुली टेलेमानने त्याच आत्मकथनात दिली आहे. लिहिले मात्र शंभराच्या वर. इटालियन धाटणीची नुसती बोटांची कसरत त्याला रुचत नसे. अवघड उड्या भरपूर, पण सुरावट पातळ, अशी त्याची तक्रार होती. तो स्वतः कच्चा वादक होता असं नाही, तरी आयझेनाखमध्ये असताना हेबेनश्ट्राइट नावाच्या तगड्या व्हायोलिनवादकाबरोबर वाजवायचं म्हटलं, की हा काही दिवस आधीपासून खोलीत कोंडून घ्यायचा, डाव्या हाताची बाही वर सारून हाताला तेलं-मलमं चोळायचा आणि रियाज करायचा. हे त्याने स्वतःच मिश्कीलपणे लिहून ठेवलं आहे. हेबेनश्ट्राइटपुढे दमछाक झालेल्या माणसाने पुढे दोन एकल वादकांचे कॉन्चेर्टो लिहिताना दोघांत कुस्ती लावली नाही, यात मला तरी संगती दिसते.

कारण या रचनेत उभी आणि आडवी एकमेकींवर कुरघोडी करत नाहीत. चार भाग आहेत: संथ, जलद, संथ, जलद. विवाल्दीची तीन भागांची नवी चाल सोडून टेलेमानने कोरेल्लीच्या पिढीतली ही जुनी मांडणी ठेवली, आणि त्याचा फायदा असा, की वाद्यांना आपला मऊ आवाज ऐकवायला एकाऐवजी दोन संथ भाग मिळाले. पहिल्या लार्गोत बासऱ्या एकमेकींत गुंततात. एकीने धरलेला सूर दुसरी हलल्यामुळे खटकायला लागतो, ताण येतो, आणि मग पहिली एक पायरी उतरून तो ताण सोडवते. हे पुन्हा पुन्हा. ओळखू येण्याइतपत दोघींच्या आवाजात फरक आहे, एकजीव होण्याइतपत साम्य आहे. दोन व्हायोलिनांना देऊन पाहा, निम्मी गोडी जाईल.

जलद अलेग्रोत बोटांचं काम भरपूर आहे, एकीने टाकलेली तान दुसरी उचलते, मग दोघी जोडीने धावतात. इथे लक्ष बासऱ्यांवरून काढून मुद्दाम ताफ्याकडे द्यावं. बासऱ्या बोलू लागल्या, की ताफा पातळ होतो. कधी नुसता चेलो आणि हार्प्सिकॉर्ड मागे राहतात, कधी व्हायोलिनं दोन-चार सुरांचा टेकू देऊन गप्प बसतात. ताफ्याचा आवाज कमी करा, असं वादकांना सांगण्यापेक्षा त्यांच्या कागदावर सूरच कमी लिहायचे, हा टेलेमानचा उपाय आहे. त्यात बारकाई अशी की रेकॉर्डरचे वरचे सूर आपोआप खणखणीत असतात आणि खालचे पुटपुटल्यासारखे. म्हणून ती खाली उतरते तेव्हा मागे जागा मोकळी लागते, वर चढली की ताफ्याने थोडी गर्दी केली तरी चालते.

तिसरा भाग, पुन्हा लार्गो, ई मेजरमध्ये आहे, आणि माझ्या मते सगळ्या रचनेचा प्राण इथे आहे. चार शार्पची पट्टी. रेकॉर्डरला त्यातले बहुतेक शार्प सरळ बोटांनी मिळत नाहीत. एकतर छिद्र अर्धं झाकायचं, नाहीतर आडवळणाने जायचं. आडवीचाही जी शार्प झाकोळलेलाच निघतो. म्हणजे आधीच हळू असलेल्या दोन वाद्यांना टेलेमानने अशा पट्टीत नेलं, जिथे ती आणखी हळू होतात! आणि मग त्याने ताफ्याच्या हातातला गजच काढून घेतला. व्हायोलिनं इथे तारा बोटांनी छेडतात. छेडलेला सूर उमटतो आणि लगेच विरतो, दोन छेडींच्या मध्ये शांतता राहते आणि त्या शांततेत बासऱ्यांचे लांब सूर मोकळेपणी पसरतात. फुंकरीपुढे तातेने माघार घेतल्यावर काय होतं, ते इथे ऐकावं. तात म्हणतोय ती शब्दशः. त्या काळच्या व्हायोलिनच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून वळलेल्या असत, आजच्या पोलादी तारांपेक्षा सैल आणि मवाळ. गजही बाहेरच्या बाजूला वाकलेला, सूर टोकाला जाता जाता आपसूक ओसरणारा. हे संगीत मूळ पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे ताफे आज स्वर लावतात तोही मध्यम ए 415 हर्ट्झला, म्हणजे प्रचलित 440 पेक्षा जवळपास अर्धा स्वर खाली.

एवढ्या नाजूक भागानंतर शेवटचा जलद भाग, प्रेस्तो, सुरू होतो तो थेट दारूच्या गुत्त्यात. अतिशयोक्ती नाही. 1705 मध्ये टेलेमानला सोराउच्या काउंट प्रोम्निट्झकडे नोकरी लागली. सोराउ आज पोलंडमध्ये आहे. काउंटचा लवाजमा अप्पर सायलेशियातल्या प्लेस या जहागिरीवर मुक्कामाला जाई. तिथे आणि क्राकोवमध्ये टेलेमानने पोलिश लोकसंगीत ऐकलं आणि तो हरखूनच गेला. गुत्त्यांमधला तो ताफा त्याने 1740 च्या आत्मकथनात हौसेने वर्णिला आहे. अंगाला पट्ट्याने बांधलेलं व्हायोलिन, नेहमीपेक्षा बरंच वर चढवून लावलेलं, त्यामुळे पाच-सहा साध्या व्हायोलिनांना एकटं पुरून उरणारं. जोडीला कातडी पिशवीची पोलिश बॅगपाइप, एक ट्रॉम्बोन आणि एक छोटा ऑर्गन. एके ठिकाणी तर त्याला 36 बॅगपाइप आणि आठ व्हायोलिनं एकत्र वाजताना भेटली. नाचणारे दमून थांबले, की हे वादक मनाला येईल तसं वाजवत सुटायचे, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला आठ दिवसांत जन्मभर पुरतील इतक्या कल्पना त्यातून मिळाव्यात, असं त्याचं म्हणणं. दरबारी जर्मनीत हे संगीत रानटी मानलं जाई. टेलेमाननेही रानटी हाच शब्द वापरला, पण त्याच्यापुढे सौंदर्य हा शब्द जोडून.

प्रेस्तोत ते सगळं आलं आहे. खाली खर्जात एकच सूर घट्ट धरलेला, आपल्याकडे सनईच्या जोडीला सूर देणारा बसतो तसा, आणि त्यावर ताफा पाय आपटत नाचतो. हा नाच पुन्हा पुन्हा परत येतो, मधल्या जागा बासऱ्यांच्या. मूळ संगीत छत्तीस पिशव्यांच्या गोंगाटाचं, आणि ते सोपवलं आहे युरोपातल्या दोन सगळ्यांत मवाळ वाद्यांकडे. ती गोंगाट करू शकत नाहीत, म्हणून गोंगाटाच्या ऐवजी त्यांनी वेग आणि जिभेचा ठसका आणायचा. वाजवणारे चांगले असतील, तर खुर्चीत बसणं अवघड होतं.

टेलेमान 1721 मध्ये हाम्बुर्गला गेला आणि 1767 मध्ये वारला तोवर तिथेच होता. त्याच्या हयातीतच रेकॉर्डर वाद्यवृंदातून बाहेर पडली. सभागृहं मोठी झाली, संगीताला हळूहळू वाढत जाणारा आणि ओसरत जाणारा आवाज हवासा झाला, आणि तो नेमका तिला जमत नव्हता. आडवी बासरी टिकली, पण तीही बदलत गेली. 1847 मध्ये म्युनिकच्या ब्योमने तिला सरळ नळी आणि चाव्यांची पूर्ण यंत्रणा दिली, तेव्हा जुन्या झाकोळलेल्या सुरांचं काही उरलं नाही. या दोघी पुन्हा शेजारी बसण्याची शक्यता संपली होती. विसाव्या शतकात आर्नोल्ड डोल्मेच याने इंग्लंडमधल्या हॅझलमियरच्या आपल्या कारखान्यात 1919 मध्ये जुन्या नमुन्यावर रेकॉर्डर घडवली, पुढे तिचे वादक तयार झाले, आणि मग बासरीवादकांनीही चांदीची बासरी बाजूला ठेवून एका चावीची लाकडी बासरी हातात घेतली. तेव्हा टेलेमानचा हिशेब पुन्हा जुळला. ब्योमच्या बासरीशेजारी रेकॉर्डर ठेवून हा कॉन्चेर्टो वाजवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण त्यात एकीला सारखं स्वतःला आवरावं लागतं.

ध्वनिमुद्रणात ही तोलाची अडचण दिसतच नाही. बासऱ्यांपुढे माइक ठेवला, की त्या व्हायोलिनांइतक्याच मोठ्या. सात-आठशे खुर्च्यांच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलं, तर पहिल्या लार्गोतले रेकॉर्डरचे खालचे सूर अर्धे हरवतात, आणि म्हणूनच कित्येक ताफे आजही या रचनेसाठी प्रत्येक भागाला एकच तंतुवादक ठेवतात.